टेंभुर्णी की गोइंदू? नाशिकच्या रानातलं जंगली जपानी फळ ओळखायचं आणि वर्गीकरणात बसवायचं कसं

एप्रिल कलला की पेठ-सुरगाण्याकडच्या आठवडी बाजारात पळसाच्या पानांवर पिवळट फळांचे वाटे दिसू लागतात. लिंबाएवढं फळ, सालीवर धुरकट लव, आणि देठाशी एक वाळकी, कडा वळलेली टोपी. विकणाऱ्या मावशी त्यांना टेंभरं म्हणतात, म्हणजे टेंभुर्णीची फळं. नाशिक शहरात फळांच्या गाड्यांवर ऑक्टोबर-नोव्हेंबरात हिमाचलकडून येणारं केशरी, टोमॅटोसारखं ‘जपानी फळ’ मिळतं, त्यालाही देठाशी अशीच टोपी असते. ही दोन्ही फळं एकाच प्रजातीतल्या (इंग्रजीत ‘जीनस’) दोन जातींची, म्हणजे सख्ख्या नात्यातली आहेत. एक चीन-जपानच्या बागांत शेकडो वर्षं वाढवलेलं, दुसरं आपल्या डोंगरउतारावर वणवे आणि कुऱ्हाडी सोसून उभं राहिलेलं.

टेंभुर्णीचं झाड ओळखायला सोपं आहे असं मीही समजत होतो. त्र्यंबक रस्त्यालगतच्या एका टेकडीवरून आणलेली फांदी दाबून वाळवली, कागदावर चिकटवली आणि खाली ‘टेंभुर्णी’ लिहिलं. दोन वर्षं तो कागद मी लोकांना दाखवत होतो. तिसऱ्या वर्षी त्याच झाडाला फळं धरलेली पाहिली आणि चूक कळली. ती टेंभुर्णी नव्हती, गोइंदू होता, म्हणजे त्याच प्रजातीतली दुसरी जात. मी फक्त पान पाहिलं होतं, आणि सोबतच्या माणसाने सांगितलेलं नाव तपासल्याशिवाय उतरवून घेतलं होतं. पुढे जी रीत सांगतो आहे ती त्या चुकीतून बसवलेली आहे. एका झाडाला वर्षभरात निदान तीन वेळा भेटायचं, हा तिचा पाया.

आधी नावांचा गुंता सोडवा

मराठीत ‘टेंभुर्णी’ हे नाव एका झाडाचं नाही. बिडीच्या पानांचं झाड, ज्याला विदर्भात तेंदू म्हणतात, ते टेंभुर्णीच. सह्याद्रीच्या ओल्या बाजूला ओढ्याकाठी वाढणारं सदाहरित, मोठ्या फळांचं झाड, ज्याला बंगालीत गाब म्हणतात, त्यालाही काही मराठी पुस्तकं टेंभुर्णीच म्हणतात. संस्कृत ‘तिंदुक’ हा शब्दही असाच दोन्हीकडे ओढला जातो. हे फळ जुन्या लोकांच्या हाताला इतकं सवयीचं होतं की आयुर्वेदाच्या मापांत ‘कर्ष’ या वजनाला ‘तिंदुक’ असंही नाव आहे. फळाएवढं वजन, म्हणून फळाचंच नाव.

त्यात टेंबुर्णी, टेंबरून, टेंभरू, टेमरू असे उच्चार गावागणिक बदलतात. म्हणून वहीत स्थानिक नाव जसं कानावर पडलं तसंच लिहा. शुद्ध करू नका. शेजारी गाव आणि नाव सांगणारे कोणत्या समाजाचे, एवढं लिहा. कोकणा कुटुंबातल्या आजीने सांगितलेलं नाव आणि महादेव कोळी गावातलं नाव वेगळं निघू शकतं, आणि दोन्ही बरोबर असतात. शास्त्रीय नाव नंतर, आपल्या डोळ्यांनी झाड तपासून झाल्यावर लिहायचं.

शास्त्रीय नावं देवनागरीत अशी: बिडीच्या पानाची टेंभुर्णी म्हणजे डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन. गोइंदू म्हणजे डायोस्पायरॉस मोन्टाना. ओढ्याकाठचा गाब म्हणजे डायोस्पायरॉस मलबारिका. गाडीवरचं जपानी फळ म्हणजे डायोस्पायरॉस काकी.

कधी जायचं, काय न्यायचं

पहिली फेरी फेब्रुवारी-मार्चमध्ये. पानगळ झालेली असते, त्यामुळे साल आणि झाडाचा बांधा नीट दिसतो. दुसरी फेरी एप्रिलच्या शेवटापासून मेअखेरपर्यंत, आणि हीच सगळ्यात महत्त्वाची. टेंभुर्णीचं फळ फूल आल्यापासून पिकायला जवळजवळ वर्ष घेतं, त्यामुळे या दिवसांत एकाच मादी झाडावर नवी कोवळी पालवी, या वर्षीची फुलं आणि गेल्या वर्षीच्या फुलांची पिकलेली फळं एकत्र भेटू शकतात. ही संधी फार थोडी झाडं देतात. तिसरी फेरी पावसाळा सरल्यावर, पानं पुरती जून झाली की.

सामान थोडंच लागतं: दहापट मोठं दाखवणारं भिंग, मोजपट्टी, दाढीचं पातं, वही, पेन्सिल (शाई घामाने पसरते), जुनी वर्तमानपत्रं, दोन पुठ्ठे आणि सुतळी. फोनमध्ये अक्षांश-रेखांश नोंदवायची सोय चालू ठेवा.

परवानगीचं काम मात्र घरून निघण्याआधी करा. वनखात्याच्या जमिनीवरून फांदी तोडायची तर वनखात्याची लेखी परवानगी घ्या. अभयारण्यात किंवा राखीव क्षेत्रात तिच्याशिवाय पानालाही हात लावू नका. गावाचा वनहक्क मान्य झालेला असेल तर ग्रामसभेला विचारा, कारण २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनउपजांच्या यादीत तेंदूपान नावानिशी लिहिलेलं आहे. तुम्हाला जे अभ्यासाचं झाड वाटतं ते तिथल्या घरांच्या उन्हाळी मजुरीचा भाग असतं. देवराईत गावाच्या जाणत्यांना विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये, हे नाशिकच्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

शहराजवळ सराव करायचा तर डोंगरउताराची कोरडी पानझडी झाडी शोधा. पेठ रस्त्याने सावळघाटाकडे, हरसूलच्या बाजूला, सुरगाणा-कळवणच्या उतारांवर टेंभुर्णी शोधायला वाव आहे.

पहिली पायरी: कुल ठरवा

झाडापुढे उभं राहिल्यावर ‘ही टेंभुर्णी आहे का’ असा प्रश्न विचारू नका. आधी विचारा, हे टेंभुर्णीच्या कुलातलं (इंग्रजीत ‘फॅमिली’), म्हणजे एबेनेसी कुलातलं आहे का? वरून खाली उतरलं की चूक लवकर पकडता येते.

पान साधं आहे ना, कडा अखंड आहे ना, ते पाहा. दाते असतील तर झाड या कुलातलं नाही. देठाच्या बुडाशी उपपर्णं (पानाच्या जोडीची बारीक पाती) नसली पाहिजेत, त्यांचे व्रणही नसले पाहिजेत. हे भिंगानेच पाहा. नंतर एक पान देठाशी तोडून थांबा. दुधासारखा चीक आला तर तुम्ही मोहाच्या कुलात, सॅपोटेसीत आहात. मोह, खिरणी, बकुळ, चिकू ही तिकडची मंडळी. टेंभुर्णीच्या कुलात चीक नसतो. ही दोन कुलं इतकी जवळची आहेत की जुन्या वर्गीकरणात ती शेजारी बसत, आणि चीक हा त्यांच्यातला रानात चटकन तपासता येणारा फरक आहे. मोहाची पानं फांदीच्या टोकाशी झुबक्याने येतात, हाही ताळा घ्यावा.

पानांची मांडणी एकाआड एक असते असं पुस्तकं सांगतात. टेंभुर्णीत मात्र ती पुष्कळदा जवळजवळ समोरासमोर दिसतात. नवशिका इथेच अडतो आणि झाड सोडून देतो. एका फांदीवर विसंबू नका, चार फांद्या पाहा.

कुलाचा खरा शिक्का म्हणजे ती टोपी. फुलाच्या बाहेरचा हिरवा निदलपुंज बहुतेक झाडांत फळ धरलं की गळतो किंवा वाळून जातो. या कुलात तो गळत नाही. उलट फळाबरोबर वाढतो, जाड होतो आणि फळाला देठाशी बशीसारखा चिकटून राहतो. गाडीवरून एक जपानी फळ विकत आणा, टोपी अलगद काढून तिच्या पाळ्या मोजा. चार भरतात. ती टोपी खिशात घेऊन रानात जा. टेंभराची टोपी तिच्याशेजारी धरली की नातं सांगावं लागत नाही. (वांग्यालाही टोपी असते, हे मुलं लगेच दाखवून देतात. पण वांग्याच्या कुलात फुलात नर-मादी एकत्र असतात, आणि ते झुडूप कुठे, हे झाड कुठे.)

दुसरी पायरी: प्रजाती

इथे फार वेळ लागत नाही. आपल्या भागातल्या रानात या कुलाची एकच प्रजाती भेटते, डायोस्पायरॉस. जुन्या पुस्तकांत ‘माबा’ नावाची आणखी एक प्रजाती सापडेल. तिच्या फुलांचे भाग तीन-तीन असत म्हणून ती वेगळी धरली होती. आता ती डायोस्पायरॉसमध्येच सामावली आहे. जुन्या नमुन्यावर माबा लिहिलेलं दिसलं तर गोंधळू नका.

प्रजातीचं नाव लिनीयसने १७५३ मध्ये पक्कं केलं. ग्रीक शब्द दोन: ‘डिओस’ म्हणजे झ्यूस देवाचा, ‘पायरॉस’ म्हणजे गहू, धान्य. देवाचं धान्य. जगात या प्रजातीच्या पाचशेहून जास्त जाती आहेत, बहुतेक उष्ण प्रदेशात. काळ्या लाकडाचा आबनूस, अमेरिकेतलं जंगली पर्सिमॉन, काश्मीरकडचं अमलोक, सगळी यातलीच. ‘पर्सिमॉन’ हा शब्दही अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या पोव्हॅटन भाषेतून आलेला आहे.

तिसरी पायरी: जात ठरवताना कशावर भर द्यायचा

माझी चूक या पायरीवर झाली, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

पहिली गोष्ट, कोंभाचं पान पाहून जात ठरवू नका. टेंभुर्णी मुळांवरून नवे कोंभ काढते. झाड तोडलं, वणव्यात होरपळलं, तरी जमिनीतून पुन्हा उठते. बिडीचं पान चांगलं यावं म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपं छाटतातही. अशा कोंभांवरची पानं झाडाच्या शेंड्यावरच्या पानांहून पुष्कळ मोठी, मऊ आणि वेगळ्या आकाराची असतात. विडी कामगारांना हवं ते हेच पान. ओळख पटवायला मात्र फुलं-फळं देणारी वरची फांदी पाहिजे.

सिन्नरच्या घराघरांत बायका जे पान भिजवून, कापून विड्या वळत आल्या ते या झाडाचं. विदर्भात ते सत्तर पानांच्या पुड्यांत मोजलं जातं. महाराष्ट्रात विडीला आपट्याचं पानही वापरलं जातं, त्यामुळे ‘विडीचं पान’ एवढं ऐकून वहीत टेंभुर्णी लिहू नका. आपट्याचं पान दोन पाळ्यांचं असतं, एका नजरेत कळतं.

आता तिन्ही झाडं शेजारी ठेवून पाहू.

साल. टेंभुर्णीची साल काळपट, खोल चिरा पडलेली, आयताकृती खवल्यांत फाटलेली असते, मगरीच्या पाठीसारखी. मार्चच्या उन्हात निष्पर्ण उतारावर ती लांबून ओळखू येते. गोइंदूची साल राखाडी आणि पातळ. त्याच्या फांद्यांवर, लहान झाडाच्या खोडावरही, काटे असू शकतात. काटे दिसले तर टेंभुर्णीचा विचार सोडून द्या. मात्र काटे नाहीत म्हणून गोइंदू नाही असं उलटं म्हणता येत नाही, कारण बिनकाट्याचे गोइंदू भरपूर असतात. माझं झाड बिनकाट्याचंच होतं.

पान. टेंभुर्णीचं जून पान जाड, चामड्यासारखं. कोवळेपणी दोन्ही बाजूंना दाट लव, पुढे वरची बाजू गुळगुळीत होते आणि खालची लवदार राहते. बोटाचं पेर खालून फिरवलं की मखमल जाणवते. गोइंदूचं पान पातळ, मऊ, आकाराने लहान, बुडाशी पुष्कळदा गोलसर किंवा किंचित हृदयाकृती. गाबाचं पान लांबट, जाड, गर्द हिरवं, चकचकीत, बिनलवेचं. त्याची पालवी तांबूस येते आणि तो उन्हाळ्यात उघडा पडत नाही. टेंभुर्णीच्या पानांवर पुटकुळ्यांसारख्या गाठी दिसतात, कधीकधी सगळं पान भरून. त्या एका बारीक किडीमुळे येतात, झाडाच्या ओळखीचा भाग नव्हेत. वहीत नोंदवा, पण लक्षण म्हणून धरू नका.

फूल. पाळ्या मोजा. टेंभुर्णीत निदलपुंजाच्या आणि दलपुंजाच्या (पाकळ्यांच्या) पाळ्या बहुधा पाच असतात, कधी चार किंवा सहा. गोइंदूत आणि गाबात चार. निदान दहा फुलं मोजा आणि प्रत्येक आकडा लिहा. ‘सरासरी पाच’ असलं काही लिहू नका. दहापैकी आठ फुलांत पाच, दोघांत चार, असं लिहिलेलं पुढच्याला उपयोगी पडतं.

फळ. टेंभुर्णीचं फळ अडीच ते चार सेंटिमीटर, आधी लवदार, पिकल्यावर पिवळं. टोपीच्या पाळ्या पसरलेल्या आणि कडा लाटेसारख्या वळलेल्या. गोइंदूचं फळ लहान, गोल, गुळगुळीत, पिवळट, वाळल्यावर काळं पडणारं. टोपीच्या चार पाळ्या मागे उलटलेल्या. गाबाचं फळ तिघांत मोठं, अंगावर गंजासारखी भुकटी, आत चिकट गर. कच्च्या गाबाचा चिकट, तुरट रस कोळी लोक पूर्वी जाळ्यांना आणि होड्यांच्या फटींना लावत. रसातल्या टॅनिनने सूत टिकतं.

या चार खुणांपैकी तीन एकाच जातीकडे बोट दाखवत असतील तरच नाव लिहा. दोन इकडे, दोन तिकडे असतील तर कागदावर फक्त ‘डायोस्पायरॉस’ लिहून थांबा आणि पुढच्या ऋतूत परत जा. अपुरं नाव दुरुस्त करता येतं. चुकीचं नाव लोक उतरवून घेत राहतात.

नर झाड, मादी झाड

टेंभुर्णीत नर फुलं एका झाडावर आणि मादी फुलं दुसऱ्या झाडावर येतात. ‘आमच्या बांधावरचं टेंभरू वांझ आहे’ असं शेतकरी सांगतात तेव्हा ते पुष्कळदा नर झाड असतं. त्याला दोष देऊन तोडू नका. त्याच्याशिवाय आसपासच्या मादी झाडांना फळ धरणार नाही.

ओळखायची रीत सोपी आहे. नर फुलं लहान, पानांच्या बगलेत तीन किंवा जास्त फुलांच्या झुपक्याने येतात. मादी फूल एकटं, आकाराने मोठं. फूल पात्याने उभं चिरा. नर फुलात पुंकेसरांची गर्दी दिसेल, अंडाशय नावापुरता. मादी फुलात मध्ये फुगीर, लवदार अंडाशय आणि भोवती वांझ पुंकेसर. हे वांझ पुंकेसर पाहून अनेकजण ‘द्विलिंगी फूल’ असं लिहून मोकळे होतात. त्यांच्यात परागकण असतात का ते भिंगाने पाहा, मग लिहा.

नर आणि मादी झाडांचे नमुने वेगवेगळे घ्या, त्यांना वेगळे क्रमांक द्या आणि वहीत एकमेकांचा उल्लेख करा. दोन झाडांतलं अंतर पावलांनी मोजून लिहिलं तरी चालेल.

चव आणि बी

एकदा सुरगाण्याच्या बाजारात मी घाईने एक टेंभर उचललं तेव्हा मावशी म्हणाल्या, ‘दादा, ते ठेवा, अजून पिकलं नाही. जीभ धरेल.’ खरंच धरते. कच्च्या फळात विद्राव्य टॅनिन भरपूर असतं. ते लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं आणि तोंडात बोळा कोंबल्यासारखं होतं. पिकताना तेच टॅनिन अविद्राव्य होतं, तुरटपणा जातो आणि गोडी पुढे येते. पूर्ण मऊ, पिवळं, टोपीपासून सहज सुटणारं फळच खा. अर्धवट पिकलेली फळं रिकाम्या पोटी खूप खाल्ली तर गर पोटात घट्ट गोळा होऊन बसू शकतो. जपानी फळाबाबत हा त्रास वैद्यकात चांगला ओळखीचा आहे, म्हणून मुलांना आवरा.

गोइंदूचं फळ चाखू नका. ते कडू असतं आणि मासे गुंगवायला वापरलं जात असल्याच्या नोंदी आहेत. याच झाडाच्या सालीतून ‘डायोस्पायरिन’ नावाचं रसायन वेगळं काढलेलं आहे. चव घेऊन ओळखायची सवय या प्रजातीत मोडून टाकावी. आधी खुणा, मग नाव, आणि खाणं सगळ्यात शेवटी.

बी मात्र जरूर फोडा. टेंभराच्या गरात तीन ते आठ चपट्या, चकचकीत, तपकिरी बिया असतात. एक बी रात्रभर भिजवून धारदार पात्याने आडवी कापा. आतला पांढरा, शिंगासारखा कठीण भाग म्हणजे बीजाचा अन्नसाठा. टेंभुर्णीत त्यात सालीच्या घड्या आत घुसलेल्या दिसतात, सुपारी कापल्यावर दिसतात तशा तपकिरी रेघांची नक्षी. गोइंदूच्या बीत तो एकसारखा, बिनरेघांचा असतो. पान, फूल काही हाताशी नसेल आणि झाडाखाली नुसत्या बिया पडलेल्या असतील, तेव्हा ही खूण कामाला येते. माझ्या त्या जुन्या कागदावरची चूक शेवटी पक्की झाली ती अशाच एका कापलेल्या बीने.

वर्गीकरणाची शिडी कशी लिहायची

आता झाड शिडीवर बसवू. वरून खाली:

सृष्टी: वनस्पती. 
गट: सपुष्प, द्विदलिकित. 
गण: एरिकेलीस. 
कुल: एबेनेसी. 
प्रजाती: डायोस्पायरॉस. 
जाती: डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन, रॉक्सबर्ग.

शेवटचा शब्द सोडू नका. विल्यम रॉक्सबर्ग या स्कॉटिश डॉक्टराने कोरोमंडल किनाऱ्यावर काम करताना ही जात पाहिली आणि १७९५ मध्ये चित्रासह तिचं वर्णन छापलं. गोइंदूचं नावही त्याच ग्रंथातलं. ‘मेलॅनोझायलॉन’ म्हणजे काळं लाकूड. जुन्या झाडाच्या गाभ्यात आबनुसासारखं काळं लाकूड असतं, त्यावरून. (हे तपासायला झाड कापू नये, हे लिहायला लागतं याचं वाईट वाटतं. पण मी तशा खाचा पाहिल्या आहेत.) नाव देणाऱ्याचं नाव जोडलं की कोणत्या वर्णनाच्या आधाराने आपण बोलतो आहोत ते वाचणाऱ्याला कळतं.

गण या पायरीवर तुम्हाला दोन उत्तरं भेटतील. बेन्थम आणि हुकर यांच्या एकोणिसाव्या शतकातल्या पद्धतीत हे कुल ‘एबेनेलीस’ गणात, मोहाच्या कुलाशेजारी होतं. आपल्याकडच्या अनेक वनस्पतिसंग्रहांची कपाटं आणि महाविद्यालयांचे धडे अजून याच क्रमाने लावलेले असतात. डीएनएच्या आधारावर १९९८ पासून मांडलेल्या नव्या पद्धतीत तो गण मोडला आणि ही कुलं ‘एरिकेलीस’मध्ये गेली. जुन्या संग्रहात झाड शोधताना बेन्थम-हुकरचा क्रम लागतो, आज काही लिहून छापताना एरिकेलीस लिहायचं. दोन्ही माहीत असले पाहिजेत.

या नव्या गणात टेंभुर्णीचे शेजारी कोण, ते पाहण्यासारखं आहे. मोह आणि बकुळ आहेतच. शिवाय कुंभा, चहा, आणि पावसाळ्यात अंजनेरीच्या पठारावर गुलाबी होऊन पसरणारा तेरडा. वीतभर उंचीचा, चार महिन्यांत संपणारा तेरडा आणि काळ्या लाकडाची टेंभुर्णी एका गणात! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा त्या पठाराकडे बघायची माझी नजर बदलली.

समानार्थी नावांचाही एक रकाना ठेवा. टेंभुर्णीबाबत ‘डायोस्पायरॉस टोमेंटोसा’ हे नाव वारंवार भेटतं. लवदार पानांच्या झाडांना काही अभ्यासकांनी वेगळी जात मानलं, काहींनी मेलॅनोझायलॉनचाच प्रकार. पानाचा आकार आणि लव एकाच टेकडीवर इतकी बदलते की दोन टोकांच्या मधली सगळी रूपं सापडतात. तुम्ही कोणतं नाव स्वीकारलं ते लिहा, दुसरं कंसात ठेवा. गोइंदूबाबत ‘कॉर्डिफोलिया’ हे नाव असंच जोडीला भेटेल.

ताळा करण्यासाठी बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाने १९९१ मध्ये छापलेला नाशिक जिल्ह्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ हाताशी ठेवावा. शंका उरलीच तर नमुना घेऊन याच संस्थेच्या पुण्यातल्या पश्चिम विभागीय केंद्रात जावं. आधी पत्र पाठवून वेळ घ्यावी.

नमुना वाळवणं

टेंभुर्णीचं जाड पान वाळायला वेळ घेतं. पहिले पाच-सहा दिवस रोज वर्तमानपत्रं बदला, नाहीतर पानं काळी पडतात आणि बुरशी धरते. एक तरी पान उलटं ठेवा, म्हणजे खालची लव दिसेल. फळ अख्खं दाबू नका. उभं चिरून अर्धं कागदावर आणि टोपीसकट दुसरं अर्धं उन्हात वाळवून कागदी पाकिटात ठेवा. फुलं गळतात, त्यांच्यासाठी वेगळं छोटं पाकीट चिकटवा.

वाळलेली फांदी साधारण ४२ बाय २८ सेंटिमीटरच्या जाड कागदावर शिवा किंवा पट्ट्यांनी बसवा. जुन्या काळी किडीसाठी पाऱ्याचं संयुग वापरत. ते जहाल विष आहे, घरी अजिबात नको. कागद प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवला तरी कीड मरते.

उजव्या कोपऱ्यात खाली लेबल: शास्त्रीय नाव, स्थानिक नाव, गाव, तालुका, अक्षांश-रेखांश, तारीख, झाडाची उंची, नर की मादी, फुलाचा ताजा रंग, गोळा करणाऱ्याचं नाव आणि क्रमांक. ताजा रंग विसरू नका, वाळल्यावर सगळं तपकिरीच दिसतं. नाव पुढे बदललं तर जुनं खोडू नका. खाली नवी चिठ्ठी लावा, तारीख घाला. माझ्या त्या कागदावर आज अशा दोन चिठ्ठ्या आहेत.

फोटो ऑनलाइन नोंदवायचे तर आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर पाच फोटो एकत्र टाका: साल, पानाची वरची बाजू, खालची बाजू, फूल बाजूने, फळ टोपीकडून. नुसत्या पानाच्या फोटोवर यंत्र जे नाव सुचवतं ते स्वीकारू नका.

बी लावायचं असेल तर

खाल्लेल्या फळाची बी धुऊन सावलीत सुकवा आणि त्याच पावसाळ्यात लावा. या रोपाचं सोटमूळ वर कोंब दिसायच्या आधीच खोल जायला लागतं, म्हणून बुटकी पिशवी वापरू नका. उंच पिशवी घ्या, किंवा सरळ बांधावर कायमच्या जागी दोन-तीन बिया एकत्र टोचा. रोप हलवताना मूळ दुखावलं तर ते बहुधा जगत नाही. पहिली काही वर्षं वाढ फार संथ असते आणि उन्हाळ्यात शेंडा वाळून गेल्यासारखा दिसतो. उपटून टाकू नका, पावसात बुडातून पुन्हा फुटतो. फळं हवी असतील तर एकच रोप लावून भागणार नाही. पाच-सहा तरी लावा, म्हणजे त्यांत नर आणि मादी दोन्ही येण्याची शक्यता राहील. कोणतं कोण, ते पहिलं फूल येईपर्यंत कळत नाही.